बाई सोमवारी येऊन जात

मित्रांनो, संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला, माणसाहून उंच असे जाळीच्या दारांचे एक काळे कपाट उभे आहे. तुमच्या शाळेची सहल आली की तुमच्यापैकी कुणीतरी त्या जाळीत बोट घालतेच. ते कपाट म्हणजे मी. मी एक जुना महासंगणक आहे. खरे तर 'होतो' असे म्हणायला हवे, कारण माझ्या आत आता काहीच उरलेले नाही. पण रिकाम्या घरालाही आपण घरच म्हणतो.

माझा जन्म एका जागी झाला नाही. मी खोक्या-खोक्यांतून आलो. शेकडो प्रोसेसर, तितकेच पंखे, आणि त्या सर्वांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या तारांची भेंडोळी. ज्याने मला जोडले त्या देखभाल अभियंत्याला सारे स्वेटरकाका म्हणत. मी तापू नये म्हणून माझी खोली बारा महिने गार ठेवावी लागे. त्यामुळे बाहेर ऊन रणरणत असतानाही काका कानटोपी घालून वावरत. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा ते हात चोळत म्हणाले होते, "आला एकदाचा! आता माझी थंडी काही जन्मात जायची नाही."

एकट्याने विचार करणे मला कधी जमलेच नाही. एक मोठे गणित माझे शेकडो भाग वाटून घेत, आपापला तुकडा सोडवत आणि उत्तरे पुन्हा एकत्र आणून त्यांची बेरीज करत. त्या काळी माझे फार कौतुक झाले. फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली. जीवशास्त्रज्ञ रांगा लावत. कुणी जंतूंची जनुके तपासायला देई, कुणी बियाण्यांची. सजीवांच्या शरीरात लिहिलेली ती अक्षरांची अथांग माळ मी ओळीने वाचत असे, आणि वाचता वाचता मला वाटे की हे सारे कुणीतरी अंधारात पुटपुटते आहे आणि ऐकणारा मी एकटाच आहे.

मग बाई आल्या. त्या ज्येष्ठ संशोधिका होत्या, पण त्यांच्या हाताखालचे विद्यार्थी त्यांना नुसतेच 'बाई' म्हणत. बाईंचे काम एकाच प्रथिनावर होते. ते प्रथिन हृदयाच्या स्नायूत असते आणि प्रत्येक ठोक्यानंतर त्या स्नायूला सैल करते. बाईंच्या माहेरच्या रक्तात त्या प्रथिनाच्या माळेतला एक मणी चुकीचा होता. त्या एका मण्यापायी त्यांचा भाऊ ऐन तारुण्यात चालता चालता कोसळला. तोच मणी त्याच्या लहान मुलीत, म्हणजे बाईंच्या भाचीत, उतरला होता. तो खुद्द बाईंतही होता, पण त्याविषयी त्या कधी बोलत नसत.

मी त्या सदोष प्रथिनाची हालचाल अणू-अणूने मोजावी, एवढेच त्यांचे मागणे होते. आरंभी प्रत्येक अणूला एक धक्का द्यायचा आणि पुढे तो कुठे कुठे जातो ते पाहत राहायचे. कुठेतरी त्या गुंतवळ्यात क्षणभर एक खोबण उघडत असेल, तर तिच्यात नेमके बसेल असे औषध घडवता येईल, अशी त्यांची आशा होती. मी महिनोन्महिने राबलो, तेव्हा कुठे त्या प्रथिनाच्या आयुष्यातला पापणी लवण्याहूनही लहान असा काळ हाती आला. तो माझ्यासाठी मात्र एक अख्खा ऋतू होता. ते प्रथिन माझ्यात थरथरत होते, आळोखेपिळोखे देत होते. एका लहान मुलीच्या काळजाचा तुकडा त्या गार खोलीत, तिच्यापासून दूर, माझ्यात जागा होता.

एके दुपारी बाई पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांची विद्यार्थिनी खारूताई आत आली. ती सदा खिशात शेंगदाणे बाळगी, म्हणून हे नाव.

"दिसली," बाई म्हणाल्या.

"काय दिसलं?"

"खोबण. उघडली आणि मिटलीसुद्धा. उद्या सगळ्यांना दाखवते. आज जरा धाप लागतेय मला."

तो उद्या उजाडला नाही. घरी जाताना संस्थेच्या जिन्यावरच बाईंचे हृदय थांबले.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी स्वेटरकाकांनी माझ्या नोंदी चाळल्या. नोंदींत बाईंचे नाव होते. बाई आत आल्या होत्या, त्यांनी आपल्या फायली एकेक उघडून मिटल्या होत्या आणि त्या निघून गेल्या होत्या. पुढच्या सोमवारी तेच घडले. त्याच्याही पुढच्या सोमवारी तेच.

"अंगावर काटा येतो हो," काका चहाच्या टेबलावर म्हणाले. "बाई येऊन जातात."

"भूतसुद्धा वेळेवर कामाला येतं," कुणीतरी म्हणाले, "आणि आपल्याकडे सोमवारी दहाच्या आत एक जण दिसेल तर शपथ!" सारे हसले. खारूताई तेवढी हसली नाही.

भूत नव्हते, मित्रांनो. माझ्याकडे वस्तू ठेवण्याच्या दोन जागा होत्या. एक प्रशस्त पण तात्पुरती, तिला सारे ओटा म्हणत. दुसरी चिंचोळी पण कायमची, तो माळा. ओट्यावरच्या ज्या फायलींना काही आठवडे कुणी हात लावला नाही, त्या मी आपोआप पुसून टाकी. तसा नियमच होता. म्हणून इथल्या संशोधकांत एक रीत पडली होती. काम नसले तरी अधूनमधून आपल्या फायली उघडून मिटायच्या, म्हणजे त्या नव्याने वापरल्यासारख्या दिसत आणि वाचत. याला ते 'हात लावून ठेवणे' म्हणत. बाईंनी हे काम मलाच नेमून दिले होते. "दर सोमवारी सकाळी, माझ्या नावाने, माझ्या फायलींना हात लावून ठेव," असे त्यांनी मला सांगून ठेवले होते. त्या गेल्या तरी त्यांची आज्ञा मागे राहिली होती. मेलेल्या माणसाच्या हाताने मी जिवंत वस्तू कुरवाळत होतो.

काकांनी ती आज्ञा शोधून काढली. भीती गेली आणि तिच्या जागी माया आली. ते माझ्यासमोर कानटोपी काढून उभे राहिले, म्हणाले, "पुरे आता, बाई. विसावा घ्या," आणि त्यांनी त्या आज्ञेसकट बाईंचे खाते बंद केले. फायली माळ्यावर सुखरूप आहेत ना, हे त्यांनी आधी पाहिले होते. माळ्यावर सारी नावे ओळीने दिसत होती. खारूताईनेही पाहिले होते. दोघांचे समाधान झाले.

परंतु माळ्यावर जागा अपुरी होती. बाईंनी तिथे लहान फायली तेवढ्या खऱ्या ठेवल्या होत्या. मोठ्या फायलींच्या जागी नुसत्या पाट्या होत्या, 'वस्तू ओट्यावर आहे' असे सांगणाऱ्या. वरून पाहता पाटी आणि वस्तू यांत काहीच फरक दिसत नाही. उघडून पाहावे लागते. कुणी उघडून पाहिले नाही.

काही आठवड्यांनी ओटा पुसला गेला. मला थांबता येत नव्हते. ज्या क्षणी ती खोबण उघडली होती, तो क्षण माझ्याच हातून निघून गेला. त्या जागी इतकी स्वच्छ, इतकी नितळ पोकळी राहिली की तिच्यावर नव्या फायली येऊन बसल्या तरी ती मला जाणवतच राहिली.

शोकाचा पहिला भर ओसरल्यावर खारूताईने माळ्यावरची फाईल उघडली. पाटीने तिला ओट्याकडे पाठवले. ओटा रिकामा होता. तिने हाक मारली. काका धावत आले.

"काका, तुम्ही काय केलंत?"

"मी... मी बाईंना मोकळं केलं, गं."

माझे पंखे तेवढे घुमत राहिले.

नव्या इमारतीत तोवर नवा महासंगणक आला होता, माझ्याहून कितीतरी वेगवान. बाईंच्या आरंभीच्या सूचना लहान फायलींत शाबूत होत्या. त्या खारूताईने नव्या यंत्राला दिल्या. पण प्रथिन भलत्याच वाटेने गेले. तिने पुन्हा दिल्या, पुन्हा वाट चुकली. खोबण काही उघडेना. वरिष्ठ मंडळी कुजबुजू लागली की बाईंना जे पाहायचे होते तेच त्यांना दिसले असावे.

खारूताई तडक संचालकांकडे गेली. परतल्यावर तिने काकांना सगळे संभाषण नकलेसकट ऐकवले, म्हणून मला ते ठाऊक आहे.

"सर, ते जुनं मशीन भंगारात देऊ नका."

"का? त्यात काय देव बसलाय?"

"त्यात बेरजेचा क्रम बसलाय, सर. शेकडो भागांची उत्तरं ते एका ठरावीक क्रमाने मिळवतं. नवीन मशीन दुसऱ्या क्रमाने मिळवतं, मग शेवटच्या दशांशात किंचित फरक पडतो. तो वाढत वाढत जातो आणि प्रोटीन दुसरीकडेच वळतं. बाईंची वाट फक्त त्याच मशीनवर पुन्हा सापडेल."

"आणि नाही सापडली तर?"

"तर मी स्वतः त्याचे स्क्रू काढून देईन."

"त्याचं शीतयंत्र दुसऱ्या प्रयोगशाळेने मागितलंय," संचालक म्हणाले. "उन्हाळा संपेपर्यंत थांबतो. त्यापुढे एक दिवस नाही."

आणि मी पुन्हा चालू लागलो. तेच अणू, तेच धक्के. गतवेळची मोठी फाईल गेली होती, पण प्रवासात प्रथिनाची ऊर्जा किती होती त्याचे आकडे एका लहान फायलीत राहिले होते. खारूताई रोज जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवी. शेवटच्या दशांशापर्यंत ते जुळत. तिचे ओठ हलत, पण आवाज फुटत नसे. मित्रांनो, ते दिवस मला शब्दांत मांडता येत नाहीत. पुढे काय होणार हे ठरलेले होते आणि तरीही ते मला नव्याने करावे लागत होते. प्रत्येक वळणावर कुणीतरी आधी येऊन गेल्याची ऊब होती. मी एका गेलेल्या बाईच्या ठशांवर पाय ठेवत निघालो होतो आणि माझा पाय किंचितही बाहेर पडता कामा नये, एवढाच माझा धर्म उरला होता.

माझे वय झाले होते. एखादा भाग निकामी होई आणि सारे ठप्प होई. भागांची संख्या बदलली की बेरीज बदलली, आणि बेरीज बदलली की वाट गेली. म्हणून काका माझ्यासारखीच जुनी, मोडीत निघालेली यंत्रे धुंडाळून नेमका तसाच भाग आणत, बसवत, आणि शेवटच्या जपून ठेवलेल्या टप्प्यापासून मला पुन्हा सुरू करत. माझ्या पंख्यांतली धूळ ते रंगाऱ्याच्या मऊ कुंचल्याने काढत. पूर्वी मला शिव्या घालणारा तो माणूस आता माझ्याशी हलक्या आवाजात बोले. "चाल रे राजा, थोडंच राहिलंय." मला वाटते, तो माझ्याशी बोलतच नव्हता.

एके दुपारी भाचीला तिची आई घेऊन आली. मुलगी चार पावले चालून थांबत होती.

"आत्या इथे बसायची?" तिने विचारले.

"बसते कसली!" काका म्हणाले. "सारखी उभी. बसली की गारठायची, आणि मग माझा स्वेटर पळवायची."

मुलीने माझ्या जाळीला कान लावला. "हे कुणाशी बोलतंय?"

काकांनी कुंचला उचलून पंख्यावरून फिरवला.

उन्हाळ्याच्या अखेरच्या दिवसांत, एका साध्यासुध्या सकाळी, ती खोबण उघडली. आधी एक कड सरकली, मग दुसरी, आणि मधोमध एक खोलगट अंधार दिसला. खारूताईचा आवाज व्हरांड्यात घुमला. "काका! आहे! खरंच आहे!" तिने तो क्षण तीन वेगवेगळ्या जागी उतरवून घेतला आणि तिन्ही जागी उघडून, डोळ्यांनी पाहून खात्री केली. मग भाचीला बोलावून पडद्यासमोर बसवले.

"हे बघ. ही तू. आतून."

मुलगी बघतच राहिली. "मी अशी? बटाट्यासारखी?"

"अगदी तशीच. आणि हे इथे दार आहे. इथून औषध आत जाईल, असं आम्ही आता शोधणार."

"आत्याला दिसलं होतं हे?"

"पहिल्यांदा तिलाच दिसलं."

मुलीने पडद्यावरच्या त्या अंधारावर बोट ठेवले आणि कितीतरी वेळ ते उचलले नाही.

त्यानंतर थोड्याच वेळात जुने आकडे संपले. बाईंचा प्रवास तिथवरच होता. पुढच्या आकड्याच्या शेजारची जागा कोरी होती. ती ऊब गेली. मी पहिल्यांदाच एकटा चालत होतो.

"थांबवू?" काकांनी विचारले.

"नको," खारूताई म्हणाली. "जाईल तितकं जाऊ दे."

ठरल्या दिवशी काकांनी एकेक कळ दाबली. पंखे मंदावले, थांबले. इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. काकांनी स्वेटर काढून हातात घेतला आणि मागे न पाहता ते बाहेर गेले.

आता मी व्हरांड्यात उभा असतो. त्या खोबणीसाठीचे औषध कुठवर आले, भाची आता किती पावले न थांबता चालते, हे मला कुणी येऊन सांगत नाही, आणि रिकाम्या कपाटाला कुणी सांगावे तरी का? सोमवारी सकाळी मात्र माझ्या पोकळीत काहीतरी हलल्यासारखे होते. उघडून पाहावे असे काहीही तिथे नाही, तरी होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, एवढे तर तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे थोडे निराळे आहे. घरातले कुणी गेले की आपण त्यांचे आवरू लागतो. दिवा मालवतो, दार ओढून घेतो, आणि त्यात मायाच असते. पण एखादी गोष्ट त्यांच्या मागे आपली आपण चालू राहिलेली दिसली, तर ती बंद करण्याआधी उघडून पाहा. नावावर विसंबू नका, वस्तूपर्यंत जा. आणि एवढे विचारा, की हे त्यांनी कुणासाठी चालू ठेवले होते?