गळ्यातले दोन ठिपके

साल दोन हजार नऊ. मित्रांनो, आज मी एक जुना स्कॅनर आहे. पण त्या साली इस्पितळाच्या तळमजल्यावर मी नवा कोरा होतो.

माझे काम साखरेचा माग काढण्याचे. शरीरातली प्रत्येक पेशी साखर खाते, पण कर्करोगाची पेशी भारी अधाशी. ती आपला सारा कारभारच बदलते, मिळेल तेवढी साखर ओरबाडते आणि अर्धवटच जाळते. म्हणून रुग्णाला खूण केलेली साखर टोचायची, तासभर निपचित बसवायचे आणि मग मी पाहायचे. साखर जिथे गोळा होते, तिथे माझ्या चित्रात उजेड दिसतो. औषध लागू पडले की तो विझतो. विझलेला उजेड पाहून आमच्या डॉक्टरबाई गालात हसत. त्या हसण्यासाठी मी दिवसभर घरघरत असे.

एकदा एक निवृत्त शिक्षिका आल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. मानेतल्या गाठीवरचे औषध नुकतेच संपले होते. आता उजेड दिसला, तर केस गाळणारे, अन्नावरची वासना उडवणारे ते औषध पुन्हा सुरू होणार होते.

"मावशी, तासभर बोलायचं नाही हं," तंत्रज्ञ म्हणाला.

"जन्मभर पोरांना गप्प बसवलं, त्याचा सूड घेतोस होय रे?"

चित्रात गळ्याशी दोन ठिपके लखलखले. तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. डॉक्टरबाई मात्र पाहतच राहिल्या.

"दोन्हीकडे अगदी सारखे? रोग असा ओळीत बसत नाही." त्या माझ्याजवळ आल्या. "मावशी, इंजेक्शननंतर बोललात?"

"मी? एक अक्षर नाही!"

दारात पुढच्या नंबराचा बसचालक उभा होता, चांगला दांडगा गडी.

"काय हे मावशी! राजकन्या अजून राक्षसाच्या गुहेतच आहे की!"

त्या तासाभरात शेजारच्या पडद्यापलीकडे तो भीतीने रडत होता, म्हणून मावशींनी त्याला गोष्ट सांगितली होती, राक्षसाच्या आवाजासकट. गळ्याच्या राबत्या स्नायूंनीच साखर खाल्ली होती.

"मग रडू द्यायचं होतं का त्याला?" मावशी पुटपुटल्या.

"छे हो!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी मध्ये पडदा नाही, भिंत."

आठवड्याने मावशी ओठ घट्ट मिटून बसल्या. या वेळी गळ्यात अंधार होता. डॉक्टरबाई गालात हसल्या.

मावशी पुढे पुष्कळ वर्षे बोलल्या. बसचालकाचा उजेडही औषधाने विझला. तो अजून बस चालवतो. तंत्रज्ञ आता नव्या मुलांना शिकवतो. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या. मी त्या मुलांच्या वर्गात कोपऱ्यात बंद उभा आहे.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी डॉक्टर होतील. तुमची यंत्रे माझ्याहून हुशार असतील. त्यांची निगा राखा. पण चित्रात उजेड दिसला, तर आधी त्या माणसाजवळ जा आणि विचारा, "मघाशी काय करत होता?"