प्लॅटिनमची तार

लॅबमधला सीनियर मराठीच होता, पण सहा महिन्यांत तिच्याशी मराठीतून एक अक्षर बोलला असेल तर शपथ. मास्टर्ससाठी परदेशात आलेली ही पोरगी पहिल्या दिवशी आपलेपणाने "दादा" म्हणाली, तर त्याने चारचौघांत तिला इंग्रजीत झापलं, "इथे सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोलायचं." वर काचेची भांडी घासायला लावली. तिने डूख धरला.

सीनियरचा सगळा तोरा त्याच्या लोखंडाच्या भुकटीवर होता. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायला महागडं प्लॅटिनम कशाला, ही स्वस्त भुकटी तेवढंच काम करते, असं तो छाती ठोकून सांगायचा. आज तिने त्याचाच प्रयोग करून पाहिला, फक्त विजेच्या दुसऱ्या टोकाला तो नेहमी लावायचा त्या प्लॅटिनमच्या तारेऐवजी ग्राफाइटची कांडी लावली. बुडबुडे जवळजवळ थांबलेच. म्हणजे इतके दिवस ती तार थोडी थोडी विरघळून भुकटीवर बसत होती. राबत होतं प्लॅटिनम, आणि मिरवत होती भुकटी.

मीटिंगसाठी सगळे जमले होते, सर यायचे होते. तिचा आलेख पाहून सीनियरचा चेहरा उतरला. तो तिच्या कानाशी वाकला.

"अगं, हे आज नको ना दाखवूस. परक्या मुलखात आपल्या माणसाला आपणच सांभाळायचं."

काय गोड मराठी होती मेल्याची.

तिने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि खोलीभर ऐकू जाईल अशा खणखणीत इंग्रजीत त्याला सांगितलं, "इथे सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोलायचं."