आष्टीचा काता

रक्षाला कवेलूंचा फार राग यायचा.

१९९३ साली ती नागपूरहून ब्लॅक बेल्ट घेऊन देवळीला परत आली, तेव्हा गावात कराटे शिकवणारं कोणीच नव्हतं. बाई तर नाहीच, पुरुषही नाही. पहिल्याच पंधरा ऑगस्टला शाळेनं तिला बोलावलं. टेबलावर जुन्या घराच्या छपरावरची दहा मातीची कवेलू एकावर एक रचून ठेवली होती. मुलींना आधी नीट उभं राहायला शिकवू द्या, असं तिनं हेडमास्तर बाबारावांना सांगून पाहिलं. लोक पाहायला आले आहेत, असं ते म्हणाले. तिनं कवेलू फोडली, टाळ्या पडल्या, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं गणपती असो की शाळेचं गॅदरिंग, तिला बोलावणारा माणूस कवेलू घेऊनच यायचा. शिकायला किती मुली येतात, हे कोणी विचारत नसे. सात यायच्या.

त्या सात मुलींसाठी शाळेचं मैदान सकाळी सहाला मिळायचं, तेही कोणाच्या लग्नाचा मांडव घातलेला नसेल तर. उन्हाळ्यात तो घातलेलाच असायचा. मुली ओढणी सोडायला तयार नसत. तिनं ती कमरेला बांधायला सांगितली, तर दुसऱ्या दिवशी दोघींच्या आया विचारायला आल्या.

घरी वेगळाच त्रास. भाऊ भूपेंद्रचं बाजारात कापडाचं दुकान होतं. तुझी बहीण मारामारी शिकवते का, असं गिऱ्हाईक हसत विचारायचं आणि तो घरी येऊन तिच्यावर चिडायचा. आई, शोभाबाई, पाहुण्यांना सांगायची की मुलगी शाळेत शिकवते, एवढंच. एकदा बघायला आलेल्या मुलानं चहाचा कप खाली ठेवून तिला एक किक दाखवायला सांगितली. रक्षानं त्याला अंगणात यायला सांगितलं. तो आला नाही, आणि ते स्थळही पुन्हा आलं नाही. शोभाबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

त्यात संघटनांची भर. राज्यात कराटेच्या दोन संघटना झाल्या आणि एकीचं सर्टिफिकेट दुसरीला चालेना. सहा वर्षांत रक्षानं तीच ब्लॅक बेल्टची परीक्षा तीनदा दिली. तिसऱ्या वेळी परीक्षक तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता, आणि त्याचा तोल जात होता.

या सगळ्यात एक मुलगी तिला मनासारखी मिळाली. काजल. देवळीजवळच्या एका खेड्यातल्या रूपराव नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. चौदाव्या वर्षी, १९९५ मध्ये, ती सायकलवर यायला लागली. ती एकही दिवस चुकवत नसे. पण प्रत्येक गोष्टीला तिचं ‘काऊन’, म्हणजे ‘का’, ठरलेलं असायचं. हात इथंच काऊन, आधी डावीकडेच काऊन. आणि तिचा डावा पाय नेहमी बाहेर वळायचा. रक्षानं मैदानावर चुन्याची रेघ मारली, पायाला काडी बांधून पाहिली, रागावून पाहिलं. पाय वळायचाच. तरी तिच्या हातात जी सफाई होती ती रक्षानं नागपुरातही पाहिली नव्हती.

१९९९ मध्ये काजलची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. त्यासाठी रक्षानं तिला एक अवघड काता शिकवायला घेतला. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, एकट्यानं करायची, एकही पाऊल इकडचं तिकडं न होता. अर्धा झाला आणि काजलचं लग्न ठरलं. आष्टीचा मुलगा, पंचायत समितीत नोकरी.

रक्षा त्याच दिवशी रूपरावांच्या घरी गेली. त्यांनी चहा पाजला, तिचं सगळं ऐकून घेतलं. स्पर्धा होईस्तोवर दोन महिने थांबा, एवढंच ती मागत होती. रूपराव म्हणाले, “मॅडम, तुमी शिकवलं, चांगलं केलं. पन पाहुने दोन महिने थांबत नसते. माह्या पोरीची जबाबदारी माह्यावर हाये.”

त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता, म्हणून भांडताही येईना. ती उठली. काजल दारापर्यंत आली आणि तिनं विचारलं, “मॅडम, त्या कात्याचं पुढचं कधी शिकवता?”

“आता सासरी शीक,” रक्षा म्हणाली आणि निघाली. लग्नाला ती गेली नाही. असं बोलायला नको होतं, हे तिला कळत होतं. पण पत्र लिहायला बसली की पुन्हा राग यायचा, आणि पत्र राहून जायचं.

सहा वर्षं गेली. रक्षा आता मुलींच्या जिल्हा स्पर्धेचं काम पाहत होती. २००५ च्या पावसाळ्यानंतर तिच्याकडे प्रवेशअर्जांचा एक गठ्ठा आला. आष्टीच्या सव्वीस मुली. प्रशिक्षक म्हणून खाली काजलचं नाव. रक्षानं अर्ज टेबलावर आपटले. जिचा ब्लॅकच्या आधीचा ब्राऊन बेल्टसुद्धा झाला नाही, ती कोणाला विचारून शिकवत होती?

पुढच्याच रविवारी ती निघाली. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून आष्टी. तीन बस, आणि आर्वीच्या स्टँडवर दीड तास. पोचली तेव्हा तिच्या डोक्याचा भुगा झाला होता.

शाळेमागच्या मोकळ्या जागेत मुली रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांच्या ओढण्या कमरेला बांधलेल्या. बाजूला खुर्चीवर साठीची एक बाई बसून मोठ्यानं जपानी आकडे म्हणत होती, “इची, नी, सान.” ती काजलची सासू, आनंदाबाई. सून पोरींना काय शिकवते म्हणून गावात कुजबूज सुरू झाली, तेव्हा तिनं घरची खुर्ची आणून तिथं मांडली होती. ती बसलेली असताना कोणी काही बोलत नव्हतं.

काजलनं वाकून नमस्कार केला आणि मुलींना काता करायला सांगितलं.

सुरुवात बरोबर होती, फक्त सव्वीस मुलींचे सव्वीस डावे पाय बाहेर वळले होते. रक्षानं दात आवळले. मग काता अर्ध्यावर आला आणि पुढं तिला काही ओळखू येईना. मुली खाली वाकल्या, गिरकी घेऊन उठल्या, दोन्ही हातांनी त्यांनी काहीतरी ओढलं, आणि शेवट केला. सगळ्यांचं एकसारखं, एका ठेक्यात.

“थांबा. हे कुठून आणलं?”

“तुमी शिकवलं तेवढं मले येत होतं,” काजल म्हणाली. “पुढचं विचारायले कोनी नव्हतं. मंग मीच जोडलं.”

असं जोडता येत नाही, काता कोणाच्या घरचा नसतो, असं रक्षानं तिला सगळ्यांसमोर सुनावलं. काजल ऐकत राहिली. नावं मागं घे, असं रक्षा म्हणाली, तेव्हा मात्र तिनं नकाराची मान हलवली. “नावं कापू नका, मॅडम. हारल्या तर हारू द्या.”

मग रक्षानं चपला काढल्या, रांगेपुढं उभी राहिली आणि सहा वर्षांपूर्वी राहिलेला अर्धा काता शिकवायला लागली. संध्याकाळच्या बसपर्यंत शिकवला. पुढच्या दोन रविवारीही गेली.

स्पर्धेत व्हायचं तेच झालं. वर्ध्याच्या हॉलमध्ये, परीक्षकांसमोर, घाबरलेल्या मुलींचे हातपाय जुन्या सवयीनंच चालले. बहुतेकींनी काजलचा शेवट केला आणि तळाला गेल्या. आचल नावाच्या एकीनं तेवढा खरा काता पूर्ण केला. तिचा तिसरा नंबर आला. रक्षा काजलला हॉलच्या पायऱ्यांवर घेऊन आली आणि तिथं उभ्यानं अर्धा तास बोलली. तिचं संपल्यावर काजलनं विचारलं, “माही परीक्षा कधी घेता?”

डिसेंबरात रक्षानं तिची ब्राऊन बेल्टची परीक्षा घेतली आणि तिला नापास केलं. डाव्या पायामुळे.

चौथ्या दिवशी आनंदाबाई तीन बस बदलून देवळीला आल्या. दुकानात भूपेंद्रला पत्ता विचारून त्या थेट घरात शिरल्या. “माह्या सुनेले नापास काऊन केलं तुमी?”

रक्षानं त्यांना काही समजावलं नाही. अंगणात नेलं आणि पाय कसा हवा, कसा पडतो, हे दोन्ही करून दाखवलं. आनंदाबाईंनी खाली बसून, हात जमिनीला टेकवून ते नीट पाहिलं. शोभाबाईंनी केलेला चहा त्यांनी घेतला नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, “आता मी पाह्यते.”

त्यांनी खरोखर पाहिलं. काजल सांगायची की चुलीपुढून उठतानासुद्धा सासू तिच्या पायाकडे बघते. २००६ च्या जूनमध्ये काजल ब्राऊन बेल्ट झाली, आणि दोन वर्षांनी ब्लॅक बेल्ट. तेव्हा देवळीत अकरा मुली होत्या आणि आष्टीत त्रेचाळीस.

महिन्याच्या पहिल्या रविवारी रक्षा अजून आष्टीला जायची. आज कोणावर ओरडायचं नाही, असं देवळीहून बसमध्ये बसताना ती दर वेळी ठरवायची. आर्वीपर्यंत ते टिकायचं.