येसूबाईच्या डाव्या पायातला अर्धा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. मानवजात ताठ उभी आहे ती माझ्या जोरावर. म्हणजे, तसा मी अर्धाच गुडघा आहे आणि माझ्या जोरावर एकटी येसूबाई उभी आहे, तीही डाव्या पायापुरती.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. धातूची एक चकचकीत टोपी आणि प्लास्टिकची एक चकती, एवढाच माझा देह. मला कुणी लाडानं घडवलं नाही आणि रागानंही नाही. घासलं, पुसलं, डब्यात घातलं. डब्यात मी दोन वर्षं होतो. वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही.

येसूबाई पळसदरीजवळच्या एका वाडीतली भातशेतकरीण. तिच्या डाव्या गुडघ्याची आतली बाजू झिजून हाडावर हाड घासत होतं. मुलगा नामा रसायनीच्या कारखान्यात कामाला, म्हणून १९८१ साली कामगार विम्यातून मुंबईच्या एका इस्पितळात तिचा नंबर लागला. डॉक्टर म्हणाले, "बाहेरची बाजू धड आहे. धड आहे ते कशाला काढायचं?" आणि त्यांनी आतल्या बाजूला मला चिकटवून टाकलं. माझी फार स्तुती झाली. शिकाऊ डॉक्टर रांगेनं येऊन माझा एक्स-रेचा फोटो पाहून गेले. येसूबाई कॉटवरच होती, पण ती फोटोत नव्हती.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "उकिडवं बसायचं नाही. खुर्चीवर बसायचं."

"खुर्चीवरनं हात चिखलाला पोचंल का, डॉक्टर?" येसूबाईनं विचारलं. डॉक्टरांनी दुसरा पेशंट बोलावला.

प्रश्न साधा नव्हता. वाडीत सावडीनं शेती चाले. आज माझ्या शेतात तुम्ही सगळ्या, उद्या तुमच्या शेतात मी. मजूर कुणी लावत नसे. राबातली, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यातली, रोपं उकिडवं बसून उपटायची, मुठी बांधायच्या आणि मग लावायच्या. जी सावडीला येणार नाही, तिच्या शेतात कुणी येणार नाही. येसूबाई विधवा. नामाला भात ताटात ओळखता येई, शेतात नाही.

पुढच्या आषाढात सावड ठरवायला बायका सोनाबाईच्या ओटीवर जमल्या. सोनाबाई सावडीची कारभारीण. ती म्हणाली, "येसू, तुजी अर्धी सावड धरू. गुडघा अर्धाच ऱ्हायलाय ना तुजा. दोन दिस आलीस त एक धरायचा."

"चार वर्सं दुखरा गुडघा घेऊन आले, तवा पुरी धरलीत. आता चांगला घातला त अर्धी?"

"तवा त्यो तुजा होता गं. आता अर्धा डॉक्टरचा हाय."

हिरू म्हातारी कोपऱ्यातून बोलली, "मंग जिजाला सातवा म्हयना हाय, तिची दीड धरा."

सगळ्या हसल्या. सोनाबाई हसली नाही. शेवटी ठरलं की येसूबाईनं एक दिवस सोनाबाईच्या राबात बसायचं. इतरांइतक्या मुठी झाल्या आणि आपल्या पायानं उठली, तर पुरी सावड.

येसूबाई सकाळी बसली. मी डॉक्टरांनी मना केलेल्या कोनात दिवसभर दुमडलेला राहिलो. मला काही झालं नाही. दुखण्याचं काम माझ्या शेजारच्या, बाहेरच्या अर्ध्याकडे आहे. तो जिवंत आहे. तो दुपारपासून ठणकत होता. मुठी मात्र पडत राहिल्या.

दिवस कलला. बायका उठून उभ्या राहिल्या आणि तिच्याकडे बघू लागल्या. तिनं उजवा हात चिखलात रोवला. अर्धी उठून एकदा परत खाली बसली. जिजा हात द्यायला पुढे झाली, तशी हिरू म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिला तिचं उठू दे."

दुसऱ्यांदा ती उठली. सोनाबाईनं मुठींच्या ढिगाकडे पाहिलं, मग पदरानं हात पुसत म्हणाली, "पुरी."

चौथ्या दिवशी अकरा बायकांनी येसूबाईचं शेत लावून दिलं. त्या वर्षी भात बरा झाला.

मित्रांनो, तुमचे गुडघे जपा. त्यांना तेल चोळा, वजन आटोक्यात ठेवा, डॉक्टर सांगतील तसं वागा. मी किती वर्षं टिकेन ते मला बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. पण माणसाला खाली बसावंच लागतं अशा काही जागा असतात आणि त्या इस्पितळाच्या कागदावर छापलेल्या नसतात, एवढं मी पाहिलं आहे.

पुढच्या वर्षी शिळफाट्याच्या एका कारखान्याचा टेंपो वाडीत येऊ लागला. बायका रोजावर जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी सोनाबाई पुढे बसली होती. सावड मोडली. येसूबाईचं शेत पडीक राहिलं.