खडूतलं नाव

वकारच्या चित्रकला कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीबाहेर 'प्राध्यापक वृंद' असा काळा फळा होता. कायम नोकरीवाल्यांची नावं त्यावर ऑइलपेंटनं आणि तासिकेवाल्यांची खडूनं. कारण सरळ होतं, तासिकेवाला मे महिन्यात पुसायचा असतो. अख्ख्या कॉलेजात अक्षर देखणं वकारचंच, म्हणून दरवर्षी स्वतःचं नाव तोच खडूनं लिहायचा. अशी अकरा वर्षं गेली. त्याचे अब्बा साखरखेर्ड्यात दुकानांच्या पाट्या रंगवून त्याच्याहून जास्त कमवत आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ऐटीत 'पेंटर हैदर' लिहीत. पण ते पेंटर, हा प्रोफेसर! या एका शब्दापायी बिचाऱ्यानं उमेदीची वर्षं घालवली.

यंदा कायमची एक जागा निघाली. वकारची मुलाखत झकास झाली. आठ दिवसांनी प्राचार्य इंद्रभान सरांचा फोन आला.

"वकार, उद्या ऑइलपेंट घेऊन या. फळ्यावर एक नाव चढवाचं आहे."

वकारचे पाय जमिनीवर ठरेनात. झेबानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पेढ्यांचा डबाच हाती दिला. त्यानं नवा ब्रश घेतला आणि रंगाची डबी बसमध्ये मांडीवर जपून नेली.

सरांनी चिठ्ठी पुढे केली. 'प्रा. अर्पिता.' संस्थेच्या अध्यक्षांच्या सूनबाई. तीन वर्षांमागे अक्षरलेखनात वकारनंच दयेचे चार गुण देऊन पास केलेली विद्यार्थिनी.

"सर, मले वाटलं…"

"मलेही तसंच वाटलं होतं," सर ओशाळून म्हणाले. "पण तुम्ही काऊन मनाले लावून घेता? तुमचं नाव खडूनं आहेच न. अन् हे पेढे कशाचे?"

"बाईंच्या नावाचे," वकार म्हणाला. त्याला रडूच येत होतं.

रागानं अंग जळत होतं, पण हात काही वाकडा चालेना. वळणदार, ठसठशीत नाव उतरलं. सर पेढा खात कौतुकानं बघत राहिले. मग वकारनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं, 'पेंटर वकार'.

"हे काय हो?"

"ज्यानं पाटी रंगवली त्याचं नाव, सर. ते कोणी पुसत नाही."

एवढं बोलून त्यानं ब्रशाचं फडकं घेतलं आणि वरचं खडूतलं 'प्रा. वकार' स्वतःच पुसून टाकलं.