मास्तरला तळ्यावर सोडलं ते साल

ते साल एकोणीसशे एकोणसत्तर. शहाणी तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे भोपळ्या म्हणत, आठचा. घराच्या पुढच्या खोलीत गाद्यांचं दुकान, मागे स्वयंपाकघर, आणि अकरा पायऱ्या चढून वर झोपायची खोली. वडील मापं घेत, खोळी शिवत, तयार गाद्या टेम्पोतून घरोघर पोचवत. कापूस पिंजायचं मशीन आई चालवायची. मशीन सुरू झालं की खोलीत असं धुकं पसरायचं, की गिऱ्हाईक दारातूनच बोलून निघून जायचं. संध्याकाळपर्यंत आईच्या भुवया पांढऱ्या होत आणि भोपळ्या तिला "काय हो आजीबाई" म्हणून चिडवायचा.

जनावरं वडिलांची. गादी पोचवायला गेलेला हा माणूस रिकाम्या टेम्पोने म्हणून कधी परत यायचा नाही. कुणाच्या अंगणातून लंगडा कुत्रा आला. कुणी घर बदलताना मागे टाकलेली मांजर आली, तिचं नाव मावशी. एक कासव होतं. आणि एक पांढरा ससा. तो सारखं नाक हलवायचा, जणू आता काहीतरी समजावून सांगणार. म्हणून तो मास्तर. "माझ्या घरात माणसांपेक्षा जनावरांचीच तोंडं जास्त," असं आई म्हणायची खरी, पण दुपारच्या वेळी मास्तर मांडीवर नसला की तिला चैन पडत नसे.

त्या वर्षी आईची धाप वाढली, हसली तरी खोकला यायचा. अकरा पायऱ्यांत ती दोनदा थांबायची. डॉक्टर घरी आले तो रविवार होता, मशीनवर चादर टाकलेली होती. लंगड्या त्यांच्यावर भुंकला, मावशी त्यांच्या बॅगेवर जाऊन बसली. छातीला नळी लावायच्या आधीच त्यांचं निदान झालं असावं.

"केस," डॉक्टर म्हणाले. "या जनावरांचे केस छातीत जातात. सगळी बाहेर काढा. नाहीतर पुढचं मी काही सांगू शकत नाही."

वडील आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "शनिवारी तळ्यावर जायचं. तंबू ठोकून दोन दिवस राहायचं. जनावरांनीसुद्धा."

भोपळ्या ताटावरून उठून नाचायला लागला. शहाणीने विचारलं, "परत येताना पण सगळे?"

"तळ्याच्या राखणदाराशी बोललोय," वडील ताटाकडे बघत म्हणाले. "त्याच्याकडे जागा आहे. माणूस चांगला आहे."

भोपळ्याचं नाचणं थांबलं. तो म्हणाला, "कासवाला कुठे केस आहेत?"

वडिलांनी बराच विचार केला. "नाहीत खरे," ते म्हणाले. "ते राहू दे."

तंबू त्यांनी गाद्यांच्याच पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा शिवला. अंथरायला गादी मात्र एकही घेतली नाही. "गादीवाल्याचं बिऱ्हाड दोन दिवस गवतावर लोळेल, काही बिघडत नाही," म्हणाले. टेम्पोत मागे दोन्ही मुलं, पातेली, स्टोव्ह आणि चारही जनावरं. मास्तर पिंजऱ्यात, मावशी टोपलीत झाकणाखाली शिव्या घालत. वाटेत लंगड्याला दोनदा ओकारी झाली. तळं येईपर्यंत भोपळ्याचीही पाळी आली.

तंबू तळ्यापासून वर, चढावर ठोकला. दुपारी मास्तरला मोकळं सोडलं. सगळ्यांना वाटलं होतं तो पळेल. जन्मभर फरशीवर राहिलेला तो ससा. गवतावर एक पाय टेकला, उचलला, आणि सरळ आईच्या पदराखाली जाऊन बसला.

"बघा, हा चालला स्वतंत्र व्हायला," आई म्हणाली आणि हसली. नुसती हसली, खोकली नाही.

शहाणीच्या ते लक्षात आलं आणि मग ती बघतच राहिली. संध्याकाळी आई पाण्यापासून तंबूपर्यंतचा चढ चढून आली, मास्तरला छातीशी धरून. एकदाही थांबली नाही. रात्री मावशी तिच्या उशाशी, मास्तर कुशीत, लंगड्या पायाशी, आणि आई सकाळपर्यंत गाढ झोपली.

रविवारी उजाडल्यावर शहाणीने वडिलांना गाठलं. ते दोऱ्या ताणत होते. "बाबा, आई खोकत नाहीये."

"मोकळी हवा आहे इथे."

"पण मास्तर तिच्या नाकाखाली झोपला होता."

"शहाणे, डॉक्टर तू की ते?" वडील म्हणाले. रागाने नव्हे. त्यांचे डोळे सुजलेले होते. "माझ्या मनात काय चाललंय ते मला माहीत. तू आणखी नको."

आई खाली पाण्यात पातेली घासत होती. शहाणी तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तेच बोलली.

"मला सांगतेस?" आई म्हणाली. "रविवारी मशीन बंद असतं. मास्तर दिवसभर मांडीवर असतो आणि मला बरं वाटतं. सोमवारी मशीन लावलं की छातीवर कुणीतरी दगड ठेवतं. दोन वर्षं झाली. मला काय कळत नाही?"

"मग बाबांना सांग ना."

"सांगितलं तर काय करतील?"

"मशीन बंद करतील."

"आणि खायचं काय? ते स्वतः बसतील मशीनवर. त्यांची छाती लहानपणच्या न्यूमोनियाने आधीच अधू. वर्ष नाही काढायचे. मग कोण बसेल? तू." आईने पातेलं उपडं केलं. "तुला शिकायचंय."

"पण मास्तर काय करेल इथे?"

"गवत खाईल. तुझ्या बापाला काहीतरी केल्यासारखं वाटू दे गं. नाहीतर तो माणूस वेडा होईल. कुणाला बोलायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे."

दुपारी राखणदार आला. म्हातारा, बोलका. "माझ्या बायकोला सवत पाहिजेच होती," असं म्हणून त्याने मावशीची टोपली उचलली. कुणी हसलं नाही. मास्तरला शहाणीने स्वतः त्याच्या हातात दिलं. वडील टेम्पोजवळ उभे होते. तिने एकदा तोंड उघडलं. आईने नुसतं बघितलं. तिने तोंड मिटलं.

लंगड्या वळणापर्यंत टेम्पोमागे धावला. वडिलांनी आरशात बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. अकरा पायऱ्यांत आई तीनदा थांबली.

"घरात अजून केस राहिले असतील," वडील म्हणाले. आठवडाभर रोज ते ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर रांगत कोपरे पुसत होते. फडक्याला जे पांढरं चिकटायचं ते उजेडात धरून बघायचे. कापूस कुठला आणि मास्तर कुठला, त्यांना ओळखता येत नसे. शहाणी बादलीतलं पाणी बदलून द्यायची.

आईने त्यानंतर चार वर्षं काढली, शेवटचं वर्ष अंथरुणात, मशीन चादरीखाली आणि घर उधारीवर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वडील सांगत, "जनावरं फार उशिरा सोडली मी. आधी सोडायला हवी होती."

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी वडिलांनी मशीनवरची चादर काढली, नाकाला रुमाल बांधला आणि स्टुलावर बसले. शहाणी सोळा वर्षांची होती. तिने बटणावर हात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

वडिलांनी रुमाल सोडला नाही. तसंच विचारलं, "हे तुला कधीपासून ठाऊक?"

"तळ्यापासून."

"आणि तू मला ती जनावरं सोडू दिलीस," ते म्हणाले. आईचं नाव त्यांनी घेतलं नाही. घेणं जमलं नसावं.

मशीन त्याच आठवड्यात भंगारात गेलं. वडिलांनी पुढे एकोणीस वर्षं लोकांचं सामान टेम्पोतून वाहिलं. जनावर पुन्हा पाळलं नाही. लेकीशी ते बोलत, पण कामापुरतं. तिच्या पहिल्या बाळंतपणात मात्र येऊन महिनाभर राहिले आणि बाळाला मांडीवरून खाली ठेवत नसत. भोपळ्याने पुढच्या खोलीत फोमच्या गाद्यांचं दुकान काढलं. ते बरं चालतं, आता त्याचा मुलगा बघतो. मास्तर पहिल्याच थंडीत गेला, लंगड्या नऊ वर्षं जगला, असं राखणदाराने एकदा कळवलं. मावशीचं काही लिहिलं नव्हतं. कासव भोपळ्याकडे आहे. शहाणीने टपाल खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाली. नातवंडं तिला विचारतात, तुमच्या घरी प्राणी किती होते. ती नावासकट सांगते. मग ते कुठे गेले, असं विचारलं की म्हणते, तळ्यावर सोडले.