ओळ कुणी द्यायची

ड्रमवर चादर घातली होती. त्यामुळे तिथे ड्रम आहे हे सगळ्यांच्या लक्षात येत होतं.

ओळ द्यायच्या आधी खोकल्याची गोळी चघळायची नाही, गालात धरायची, हा आत्याचा नियम.

सूनबाईच्या बुटांचा आवाज होत नाही.

चर्चच्या भिंतीवरच्या पडद्यावर सूर्योदयाचं चित्र. चित्रावर मोठाली अक्षरं.

एके काळी या मंडळीत कुणाला वाचता येत नव्हतं. एकाने गीताची ओळ सांगायची, थांबायचं, मग बाकीच्यांनी ती गायची. पुढे सगळे शिकले, तरी ओळ द्यायची रीत राहिली.

मेला तो जुना पाळक. ओळ देणारी त्याची बहीण. आताचा पाळक त्याचा मुलगा, सूनबाई या मुलाची बायको, आणि मुलाने वर्षभरात आत्याला एकदाही ओळ देऊ दिली नव्हती.

उपासनेआधी, मागची खोली

"एकच गीत," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाला ओळीवरच निरोप द्यायचा. ड्रम नको."

"झाकलाय ना ड्रम."

"झाकला म्हणून सापाची दोरी होत नाही."

"आत्या, आज तरी भांडू नकोस. मागच्या बाकांवरच्या लोकांना तुझी पद्धत माहीतच नाही. गोंधळतील."

"गोंधळू देत. तू उपदेशात विनोद करतोस तेव्हा मी गोंधळतेच की."

"मंडळी वाढलीय, आत्याबाई," सूनबाई मागून म्हणाली. "बाक पुरत नाहीत."

"सर्कशीतही पुरत नाहीत."

पाळकाने कपाळ चोळलं. "बरं बाई. एक गीत. ओळ तू दे."

कडवं पहिलं

आत्या शवपेटीशेजारी उभी राहिली. पाठ भिंतीकडे, तोंड लोकांकडे.

"वाट सरली, पाय थकले."

थांबली. हे थांबणं तिचं होतं. या थांबण्यात बाक करकरायचे, सगळी मंडळी एकदम श्वास घ्यायची.

लोकांनी ओळ गायली. आणि थांबलेच नाहीत. "दार उघड, स्वामी" हेही गाऊन मोकळे झाले. ती ओळ तिने अजून दिलीच नव्हती. सगळ्यांच्या माना वर होत्या. तिने मागे वळून पाहिलं. भिंतीवर अख्खं कडवं. लॅपटॉपवर सूनबाईचं बोट.

"लोकांच्या सोयीसाठी," पाळक कुजबुजला.

"सोयच बघायची होती, तर बापाला घरामागेच पुरायचं होतंस."

कडवं चौथं

दुसरं सोडून आत्याने थेट चौथं घेतलं. पडद्यावर दुसरं. पुढच्या बाकांवरची पांढरी डोकी तिच्यामागे गेली, मागचे बाक पडद्यामागे. शवपेटीवर दोन कडव्यांची टक्कर झाली. सूनबाईने घाईघाईने चौथं शोधून काढलं, तोवर आत्या तिसऱ्यावर.

मागे कुणीतरी हसलं.

कडवं तिसरं

पाळकाने हात वर केला. माइक बंद झाला. आत्याला काहीच फरक पडला नाही. तिचा आवाज माइकच्याही आधीचा होता.

तो तिच्या कानाशी आला. "हा माझ्या बापाचा अंत्यविधी आहे."

"माझ्या भावाचा. तो माझा भाऊ होता तेव्हा तुझा पत्ता नव्हता."

त्याने स्वतः जाऊन ड्रमवरची चादर ओढली. ड्रमवाला खाली बघतच बसला, पण बसला. पहिला ठोका पडला तशी पुढच्या बाकावरची एक म्हातारी दचकली.

आत्या ओळ देत राहिली. ड्रम थांबत नव्हता, त्यामुळे तिला थांबायला जागाच मिळत नव्हती. ओळ ऐकून गायचं म्हणजे ठोक्याच्या मागे पडायचं. पुढच्या बाकांवरचे दोघेतिघे मागे पडले, मग त्यांनी मान वर करून पडदा वाचायला घेतला. मग आणखी काही जणांनी. शेवटी वहिनीने, म्हणजे मेलेल्याच्या बायकोने, डोळे पुसले, चष्मा लावला आणि वर पाहिलं.

"वहिनी, तूसुद्धा?"

वहिनी गात होती. तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

आत्याने शेवटची ओळ दिली.

थांबली.

पडद्यावरची ओळ वेगळी होती. सगळ्यांनी ती गायली.

आत्याने शवपेटीवरचा हात काढला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली. दार तिने असं आपटलं की ड्रमवाल्याचा एक ठोका चुकला. दफनाला ती आली नाही. त्यानंतर पुतण्याच्या घराची पायरीही चढली नाही.

पडदा भावानेच बसवून घेतला होता. त्याला ऐकू येईनासं झालं होतं, बहिणीची ओळ कळत नव्हती, आणि हे तिला सांगायचं नाही असं त्याने सूनबाईला बजावलं होतं.